एकट्या हत्तिणीला हलवायचंय, सह्या झाल्या, आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका प्राणिसंग्रहालयात पंचेचाळिशीची आशियाई हत्तीण आहे. सोबतची हत्तीण गेल्यापासून अकरा वर्षं ती एकटीच आहे आणि दिवसातले कित्येक तास जागच्या जागी डुलत असते. काही तरुणांनी तिला अभयारण्यात हलवावं म्हणून चाळीस हजार सह्या गोळा केल्या. व्यवस्थापनाचं उत्तर आलं: ती इथे सुखात आहे आणि या वयात तिला प्रवास झेपणार नाही. आता पुढे काय करायचं?

मी बावीस वर्षं बंदिवासातल्या हत्तींवर उपचार करतो आहे, आणि काही हत्तींना एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्याच्या कामात सुरुवातीपासून शेवटपर्यंत होतो. त्या अनुभवावरून सांगतो.

तुमच्या सह्या वाया गेलेल्या नाहीत. पण त्यांतून व्यवस्थापनापर्यंत एकच मागणी पोचली: हत्तिणीला सोडा. कुठे सोडायचं, कोणासोबत ठेवायचं, नेणार कोण, खर्च कोणाचा, वाटेत काही झालं तर जबाबदार कोण, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यांच्या टेबलावर नाही. ज्या अधिकाऱ्याने सही करायची, त्याच्या बाजूने जरा बघा. त्याने ‘नाही’ म्हटलं तर उद्या त्याच्यावर चौकशी बसत नाही. ‘हो’ म्हटलं आणि हत्तीण वाटेत मेली, तर नक्की बसते. त्याला ‘हो’ म्हणता येईल इतकी तयारी तुम्हाला करून द्यायची आहे. मी पाहिलेल्या ज्या मोहिमा यशस्वी झाल्या, त्या सगळ्यांनी हे केलं होतं. ज्या फसल्या, त्यातल्या बहुतेक निषेधापाशीच थांबल्या.

पहिलं काम कागदाचं. हत्तीण कोणाच्या नावावर आहे? प्राणिसंग्रहालयात आहे म्हणजे ती त्याच प्राणिसंग्रहालयाची असेल असं नाही. कधी ती महापालिकेची असते, कधी वनखात्याची, कधी दुसऱ्या संस्थेकडून ठेवायला आलेली. कधी दुसऱ्या देशाने भेट दिलेली असते आणि मग परराष्ट्र खात्यालाही विचारावं लागतं. निर्णय मालकाचा. टोरांटोचं उदाहरण घ्या. तिथे प्राणिसंग्रहालय शहराचं होतं, म्हणून मोहिमेने नगरसेवकांकडे मोर्चा वळवला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये नगर परिषदेने मतदानाने ठरवलं की टोका, थिका आणि इरिंगा या तिन्ही हत्तिणी कॅलिफोर्नियातल्या ‘पॉज’ (PAWS) या प्राणिकल्याण संस्थेच्या केंद्रात जातील. आधी चुकीच्या दाराशी वर्षभर बसलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे सगळ्यात आधी सांगतोय.

भारतात असाल तर आणखी दोन गोष्टी हाताशी आहेत. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने नोव्हेंबर २००९ मध्येच सांगून ठेवलं आहे की प्राणिसंग्रहालयांतले हत्ती हत्ती-छावण्यांत किंवा पुनर्वसन केंद्रांत हलवावेत. आणि प्राणिसंग्रहालय सरकारी किंवा महापालिकेचं असेल तर माहितीच्या अधिकारात कागद मागता येतात. फक्त ‘हत्तिणीबद्दल सर्व माहिती द्या’ असं मागू नका, काहीच हाती लागत नाही. गेल्या तीन वर्षांची उपचार नोंदवही, पायांच्या देखभालीच्या नोंदी, वजनाच्या नोंदी, रक्ताचे आणि क्षयाच्या तपासणीचे अहवाल, रात्री तिला कुठे आणि किती तास बांधतात याची नोंद, असं एकेक नाव घेऊन मागा. नोंद नसेल तर ‘नोंद नाही’ असं लेखी उत्तर घ्या. तेही पुढे उपयोगी पडतं.

आता तिच्या शरीराकडे या. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मोहिमेचा खरा पुरावा इथेच असतो आणि लोक तो पाहतच नाहीत.

सगळे डुलण्याचे व्हिडिओ काढतात. ते काढाच, पण त्यांच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. डुलणं ही बंदिवासात जडलेली खोड असते आणि ती जुनीही असू शकते. चांगल्या जागी नेल्यावरही काही हत्ती वर्षानुवर्षं अधूनमधून डुलतात. व्यवस्थापनाचा पशुवैद्य हेच उत्तर देईल आणि ते अगदी खोटं नसेल. त्यापेक्षा तिचे पाय बघा. हत्ती एक प्रकारे बोटांवर चालतो. टाचेखाली चरबीची जाड गादी असते, वजन पडलं की ती पसरते. रोज मैलोनमैल मातीत, रेतीत, दगडांवर चालून नखं आणि तळवा झिजत राहावेत अशी त्या पायाची घडण आहे. तोच पाय लघवीने ओल्या झालेल्या सिमेंटवर तासन्तास एका जागी राहिला की नखांना उभ्या चिरा पडतात, नखाच्या मुळाशी गळू होतं, जंतू आत बोटांच्या हाडापर्यंत जातात. बंदिवासातल्या हत्तींना मरण देण्याची पाळी येते त्यामागच्या मोठ्या कारणांत पायांचे विकार आणि सांधेदुखी ही दोन्ही आहेत.

म्हणून लोकांसाठीच्या वेळेत जाऊन रीतसर निरीक्षण करा. दर तासाला दहा मिनिटं, निदान तीन आठवडे, वेगवेगळ्या माणसांनी, एकाच प्रकारच्या तक्त्यावर. ती कुठला पाय उचलून टेकवते, वजन एकाच बाजूला टाकते का, वळताना पुढचा पाय न वाकवता फिरवते का, पाण्यात उतरते का, किती पावलं चालते, सोंडेने कशाशी खेळते. वार, वेळ, तापमान लिहा. आणि झोपते का, ते शोधा. निरोगी हत्ती रात्री कुशीवर आडवा होऊन काही तास झोपतो. सांधे दुखत असतील किंवा जमीन टणक असेल तर तो आडवा होणं टाळतो, कारण उठता येणार नाही याची त्याला भीती असते. एका जागी मी तपासणीला गेलो होतो, तिथे हत्तीण रोज रात्री झोपते असं मला सांगण्यात आलं. मी तिच्या रात्रीच्या खोलीत गेलो. मागच्या भिंतीवर माझ्या डोक्याहून उंच, सिमेंटचा एक पट्टा घासून घासून गुळगुळीत आणि काळपट झाला होता. ती त्या भिंतीला टेकून उभी झोपत होती, आणि तो पट्टा एका वर्षात पडलेला नव्हता. जमिनीवर तिच्या अंगाची खूण कुठेच नव्हती. अहवालात मी फक्त त्या पट्ट्याची उंची, लांबी आणि फोटो दिला. पुढच्या बैठकीत झोपेचा विषय परत कोणी काढला नाही.

हे सगळं जमलं की हत्तींवर काम केलेल्या, पण त्या प्राणिसंग्रहालयाशी कसलाही संबंध नसलेल्या पशुवैद्याकडून लेखी मत घ्या. मत ‘ती दुःखी आहे’ असं नको. ‘पुढच्या उजव्या पायाच्या नखात चीर आहे, सध्याच्या जमिनीवर ती भरून येणार नाही, का ते असं’ या भाषेत हवं.

यानंतरचा प्रश्न: न्यायचं कुठे? मराठीत आपण ‘अभयारण्य’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर वनखात्याचं जंगल येतं. तुमची हत्तीण तिकडे जाणार नाही. आयुष्यभर माणसाच्या हातचं खाल्लेल्या हत्तिणीला रानात सोडणं म्हणजे तिला मारणं आहे, आणि मोहिमेच्या पत्रकात हे स्पष्ट नसेल तर विरोधक पहिला घाव तिथेच घालतील. तुम्हाला हवंय ते आयुष्यभर सांभाळणारं पुनर्वसन केंद्र. तिथे मोठी मोकळी जमीन असते, माती, झाडं, पाणी, इतर हत्ती असतात आणि वैद्यकीय देखभाल असते. तिथे प्रजनन होत नाही, सवारी नाही, खेळ नाही, खरेदी-विक्री नाही. टेनेसीमधलं १९९५ साली सुरू झालेलं केंद्र किंवा ब्राझीलच्या मातो ग्रोसोमधलं केंद्र ही याची उदाहरणं. नावात ‘सँक्च्युअरी’ असलेली कित्येक ठिकाणं प्रत्यक्षात पर्यटकांना हत्तीला आंघोळ घालायला देऊन पैसे कमावतात. स्वतः जाऊन बघा. अंकुश वापरतात का, साखळी किती तास असते, गेल्या पाच वर्षांत किती हत्ती मेले आणि कशाने, शवविच्छेदनाचे अहवाल दाखवतात का, हे विचारा. मृत्यू झाले आहेत म्हणून बिचकू नका. म्हातारे, आजारी हत्ती घेणाऱ्या जागी मृत्यू होणारच. अहवाल लपवतात का, ते बघा.

सोबतीचा विचारही इथेच करा. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातला शंकर हा आफ्रिकी हत्ती झिम्बाब्वेने भेट दिलेला. सोबतीण मेल्यावर तो सुमारे दोन दशकं एकटा होता. त्याच्यासाठी लोक न्यायालयात गेले, जागतिक प्राणिसंग्रहालय संघटनेने २०२४ मध्ये दिल्लीचं सदस्यत्व निलंबित केलं, तरी सप्टेंबर २०२५ मध्ये तो तिथेच मेला. आफ्रिकी हत्तीला त्याच्या जातीची सोबत भारतात मिळणं अतिशय अवघड, हा त्यातला मोठा अडसर होता. तुमची हत्तीण आशियाई आहे, त्यामुळे हे काम तुमच्यासाठी बरंच सोपं आहे.

‘या वयात प्रवास झेपणार नाही.’ या वाक्यावर मोहिमा मोडतात, म्हणून याचं उत्तर नीट द्या. ‘काही धोका नाही’ असं कधीही म्हणू नका. धोका असतो. पण तो मोजता येतो आणि कमी करता येतो, आणि न हलवण्याचा धोकाही त्याच तराजूत घालायचा असतो. मनिलाच्या प्राणिसंग्रहालयातली माली ही हत्तीण १९९० पासून एकटी होती. तिच्यासाठी जगभरातून पत्रं आली, ती म्हातारी आहे, तिला हलवू नका असं सांगितलं गेलं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ती तिथेच मेली. एकटेपणाची तेहतीस वर्षं. पहिल्या पाच-दहा वर्षांत ती म्हातारी नव्हती.

प्रवास कसा होतो ते लोकांना सांगा, अर्धी भीती त्यानेच जाते. हत्तीला बेशुद्ध करून नेत नाहीत. त्याची फुप्फुसं छातीच्या भिंतीला चिकटलेली असतात, छातीवर बसून राहिला तर श्वास कोंडतो, म्हणून तो जागा आणि उभा असावा लागतो. त्यासाठी लोखंडी क्रेट बनवतात आणि त्यात स्वतःहून जायची सवय लावतात. आठवडे लागतात, कधी महिने. मी ज्या हत्तिणीसोबत हे केलं तिने पहिले चार दिवस क्रेटच्या तोंडाशी उभं राहून फक्त सोंड आत घातली आणि तळाची एकेक पट्टी चाचपली. पाचव्या दिवशी एक पाय ठेवला, पट्टी करकरली, पाय मागे. आम्ही खाली रबर घातलं, तो आवाज थांबला, आणि दोन दिवसांनी दोन्ही पुढचे पाय आत होते. मागचे पाय यायला अजून अडीच आठवडे लागले. दार लावून पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. कलिंगडाच्या फोडी आत ठेवायच्या, आणि ती बाहेर आली तरी रागवायचं नाही. कोणी दोर लावून ओढायला सांगितलं तर तिथेच थांबा.

घाई काय करते याचं उदाहरण इस्लामाबादमध्ये आहे. तिथल्या मारगझार प्राणिसंग्रहालयातला कावन हा हत्ती १९८५ मध्ये श्रीलंकेने भेट दिलेला, त्याची सोबतीण सहेली २०१२ मध्ये मेली. मे २०२० मध्ये इस्लामाबाद उच्च न्यायालयाने त्याच्यासह सगळे प्राणी हलवायला सांगितलं. जुलैमध्ये दोन सिंह नेताना कामगारांनी त्यांना पिंजऱ्यातून हुसकायला आग पेटवली आणि दोन्ही सिंह मेले. त्याच आवारात, त्याच आदेशाखाली, ‘फोर पॉज’ या (टोरांटोच्या उदाहरणातल्या ‘पॉज’हून वेगळ्या) प्राणिकल्याण संस्थेचे डॉ. आमिर खलील आणि त्यांचे सहकारी कावनजवळ आठवडेच्या आठवडे थांबले, त्याचं वजन कमी केलं, क्रेटची सवय लावली, आणि नोव्हेंबरच्या शेवटी तो मालवाहू विमानाने कंबोडियात सुखरूप उतरला.

परवान्यांना लागणारा वेळ आधीच धरा. आशियाई हत्ती ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे, देशाबाहेर न्यायचं तर दोन्हीकडची परवानगी लागते. क्षयाची तपासणी हमखास अडते. हत्तीला माणसाकडून क्षय होतो, म्हणून सोंडेत सलाइनचं पाणी घालून ती उंच धरायला लावतात आणि मग ते पाणी पिशवीत फुंकवून घेतात. हे तीन वेगवेगळ्या दिवशी. हत्तिणीला याची सवय नसेल तर आजपासून लावायला सांगा. टोरांटोत ठराव २०११ चा, पण क्षयावरून वाद सुरू राहिला आणि हत्तिणी निघाल्या ऑक्टोबर २०१३ मध्ये.

न्यायालयात जायचं का? जायचं, पण शेवटी, आणि मागणी नेमकी ठेवून. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातली हॅपी ही आरशात स्वतःला ओळखणारी हत्तीण. तिला माणसासारखा मुक्ततेचा हक्क आहे, या मुद्द्यावर खटला चालला आणि जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने ५ विरुद्ध २ मतांनी तो नाकारला. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२५ मध्ये पाच हत्तींच्या बाबतीत तेच केलं. त्या लढ्यांबद्दल मला आदर आहे, दोन न्यायाधीशांनी हॅपीच्या बाजूने लिहिलं हे लहान यश नाही. पण तुमच्यासमोर एक हत्तीण आहे आणि तिच्याकडे वेळ कमी आहे. इस्लामाबादमध्ये न्यायालयाने पाहिलं की प्राण्याच्या गरजा या जागी भागतात का, आणि भागत नसतील तर राज्याचं कर्तव्य काय. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या जल्लीकट्टू निकालात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा (भूक-तहान, गैरसोय, वेदना-आजार आणि भीती यांपासून मुक्तता, आणि नैसर्गिक वागण्याची मोकळीक) आधार घेतला आहे. मागणी ‘तिला मुक्त करा’ अशी न ठेवता, स्वतंत्र पशुवैद्यांची समिती नेमा आणि तिचा अहवाल ठरावीक मुदतीत बंधनकारक माना, अशी ठेवा. अशी मागणी फेटाळणं अवघड जातं.

माणसांबद्दल एक गोष्ट फार मनापासून सांगायची आहे. तिच्या माहुताला शत्रू करू नका. अकरा वर्षं तिला सोबत कोणाची असेल तर त्याची आहे. कोणत्या पायाला हात लावू देत नाही, कशाच्या आवाजाला बिचकते, हे जगात त्याच्याइतकं कोणाला माहीत नाही. तुमच्या पोस्टखाली लोक त्याला जल्लाद म्हणत असतील तर आजच ते थांबवा. त्याच्या नोकरीचं काय, तो नव्या जागी महिनाभर सोबत जाऊ शकेल का, हे मागणीपत्रात लिहा. नांदणीच्या महादेवीला जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने मठातून जामनगरला नेलं तेव्हा कोल्हापूर भागात किती लोक रस्त्यावर उतरले ते आपण पाहिलं. ते प्रकरण मठातल्या हत्तिणीचं, इथलं प्राणिसंग्रहालयातलं, आणि योग्य-अयोग्याचा वाद मी इथे काढत नाही. पण तिच्यावर जीव लावणाऱ्या माणसांना शेवटी निकालातून कळावं, अशी वेळ आणू नका. त्यांना आधी भेटा. नवी जागा दाखवायला घेऊन जा.

व्यवस्थापनालाही श्रेय घेऊ द्या. डेट्रॉइट प्राणिसंग्रहालयाचे संचालक रॉन केगन यांनी २००४ मध्ये स्वतःहून जाहीर केलं की विंकी आणि वांडा यांच्या सांध्यांना तिथली थंडी सोसत नाही, त्यांना कॅलिफोर्नियाला पाठवतो. सुरुवातीला प्राणिसंग्रहालयांच्या त्यांच्याच संघटनेने विरोध केला, पण २००५ मध्ये हत्तिणी गेल्या. असा संचालक तुमच्या इथेही असू शकतो. त्याला उभं राहायला जागा ठेवा.

मागणीपत्रात दोन कलमं हवीतच. एक, तिच्या जागी दुसरा हत्ती आणणार नाही, हे लेखी. हे राहून गेल्याने एका ठिकाणी आम्ही एक हत्तीण बाहेर काढली आणि दीड वर्षात त्याच खोलीत दुसरी, तिच्याहून लहान, आली. तो सल माझ्या मनात अजून आहे. दुसरं, हलवेपर्यंतच्या सुधारणा: खोलीत रेतीचा जाड थर आणि टेकून झोपता येईल असा ढीग, रोज पाय धुणं आणि आठवड्याला नखं तासणं, चारा एकदम न टाकता उंचावर आणि लांब लांब विखरून, रात्रीची साखळी बंद. ‘सुधारणा झाल्या तर मोहिमेची धार जाईल’ असं काही कार्यकर्ते म्हणतात. मला ते मान्य नाही. तिला आज रात्रीही दुखतंय.

आणि ती हलली की लगेच हिरव्या कुरणात धावेल असं लोकांना सांगू नका. पहिले काही दिवस ती दाराशीच उभी राहते, डुलते, कमी खाते. इतर हत्तींची ओळख कुंपणाआडून हळूहळू होते, आणि काहींची दोस्ती होतच नाही. १९९९ मध्ये टेनेसीत शर्ली आणि जेनी या सर्कशीतल्या जुन्या सोबतिणी वीसहून जास्त वर्षांनी भेटल्या आणि लोखंडी गजांचा दरवाजा वाकेपर्यंत एकमेकींकडे जायला धडपडल्या, पण असं प्रत्येकीचं होत नाही. अर्जेंटिनात मेंडोसाच्या सिमेंटच्या खड्ड्यातून पोचा नावाची हत्तीण आणि तिची मुलगी गिलेर्मिना मे २०२२ मध्ये ब्राझीलला पोचल्या, आणि पोचा ऑक्टोबरमध्ये मेली. ही उदाहरणं विरोधक काढण्याआधी तुम्हीच सांगा.

मघाशी भिंतीच्या पट्ट्याची गोष्ट सांगितली, ती हत्तीण नंतर हलली. नव्या जागी आठ रात्री ती उभीच राहिली. नवव्या रात्री पहाटे अडीचच्या सुमारास कॅमेऱ्यात दिसलं की तिने रेतीचा ढीग सोंडेने चाचपला, पुढचे गुडघे टेकले, परत उठली, परत टेकले, आणि मग कुशीवर पडली. तीन तास उठली नाही.

तुम्ही आधी मालकीचा कागद आणि उपचार नोंदवही मिळवा. चारही पायांचे जवळून काढलेले फोटो मिळाले तर फार बरं. ते हाती आले की पत्र कोणाला आणि काय लिहायचं, ते मी बसून लिहून देतो.